चालू होताना कोणी हलू नये

१

आमच्या घरात रोज सकाळी मी "थांबा" असं ओरडायचे आणि जो तो जिथे असेल तिथे थांबायचा. दादा गालाला साबण लावून आरशासमोर, वहिनी पातेल्यात डाव धरून ओट्यापाशी, बाबा मागच्या खोलीत कॉटवर. मग मी कॉम्प्युटरचं बटण दाबायचे. डबा घरघरायचा, पडद्यावर पांढरे ठिपके गोल फिरायला लागायचे, आणि सगळं नीट उघडलं की मी "झालं" म्हणायचे. त्यानंतर वहिनीचा डाव पुढे ढवळायला लागायचा आणि दादाचा वस्तरा गालावरून खाली यायचा. बाहेरच्या कोणी हे पाहिलं असतं तर सगळं घर बिघडलंय असं म्हटलं असतं, आणि त्याचं फार काही चुकलं नसतं.

हे खूळ आम्हाला हौस म्हणून लागलं नव्हतं. कॉम्प्युटर सुरू होताना मध्येच अडकायचा. ठिपके फिरता फिरता जागच्या जागी थांबायचे, माऊसचा बाण हलायचा नाही, आणि बटण दाबून धरून मशीनचा जीव घेण्यावाचून इलाज उरायचा नाही. मी माझ्या परीने सगळं करून पाहिलं. वायरी काढून परत लावल्या, रॅमच्या पट्ट्या खोडरबरने घासल्या, पॉवर सप्लाय बदलला, सेफ मोडमध्ये जाऊन नको ते सगळं उडवलं. शेवटी डबा उचलून दुरुस्तीवाल्याकडे नेला. तिथे तो पहिल्या फटक्यात सुरू झाला, अगदी शहाण्या मुलासारखा. घरी आणला की पुन्हा येरे माझ्या मागल्या.

दुरुस्तीवाला घरी येऊन जमिनीवर दोनदा उडी मारून गेला. आमचं घर जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर, जमीन लाकडी फळ्यांची. स्वयंपाकघरात कोणी टाच टेकली तर माझ्या टेबलावरचं पेन हलतं. तो म्हणाला, "मॅडम, मशीन एकदम ओके आहे. डिस्क जुनी आहे, सुरू होताना तिला हादरा चालत नाही. तुमच्या घरात काहीतरी हलतंय." मला वाटलं, नाचता येईना अंगण वाकडं. पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांना थांबवून बटण दाबलं, तर कॉम्प्युटर सुरू झाला.

नवा घ्यायचा प्रश्नच नव्हता, कारण तो आमचा नव्हताच. डॉक्टरांनी बोलून ठेवलेल्या नोंदी ऐकून टाइप करायचं माझं काम. एजन्सीने दिलेल्या मशीनवरच ते करायचं, आणि संध्याकाळी ते लोक तिकडूनच मशीन बंद करणार. म्हणजे रोज सकाळी नव्याने सुरू करणं आलं. दादाच्या घरात मी आणि बाबा मान वर करून राहत होतो ते या कामाच्या जोरावर. ते गेलं असतं तर आम्ही दोघंही त्याच्या ताटाखालची मांजरं झालो असतो. दादा वाईट नाही, पण त्याला मांजरं आवडतात.

२

काही आठवडे बरे गेले. आम्हाला त्या थांबण्याची सवयच लागली. वहिनी तर म्हणायची की दिवसभरात तेवढीच काय ती तिला विश्रांती.

मग एका सकाळी मी "थांबा" म्हटलं, सगळं शांत झालं, ठिपके फिरायला लागले, आणि माझ्या पाठीमागे फळी वाजली. एक पाऊल टेकल्याचा आवाज, त्यामागून दुसरं ओढत आणल्याचा. पुन्हा एक टेकलं, पुन्हा दुसरं ओढलं. ठिपके थांबले.

आमच्या चार खोल्या एकामागे एक आहेत. पुढे दादा-वहिनीची, मग स्वयंपाकघर, मग माझी, आणि सगळ्यात मागे बाबांची. माझं टेबल असं आहे की बाबांचं दार माझ्या पाठीशी येतं. बाबांचा डावा पाय आम्ही या घरात आल्यापासून अधू आहे. डॉक्टरांना त्यात काही सापडलं नाही. दादा म्हणायचा, जन्मभर बसचा क्लच दाबून दुसरं काय होणार. त्यामुळे आवाज कोणाचा हे सांगायला पंचांगाची गरज नव्हती. वहिनीने आतूनच विचारलं, "बाबा, तुम्ही उठलात का?"

मी वळून पाहिलं. बाबा कॉटवर पडलेले होते, पांघरूण हनुवटीपर्यंत, दोन्ही पाय नीट झाकलेले. ते माझ्याकडे पाहत म्हणाले, "हो, मीच. पाय अवघडला होता."

त्यात शंका घेण्यासारखं काय होतं? मीच होतो म्हणणाऱ्या माणसाशी कोण वाद घालणार? इतकंच की अधू पायाचा म्हातारा माणूस खोलीभर फिरून, परत कॉटवर चढून, पांघरूण नीट करून, माझी मान वळायच्या आत कसा काय झोपला हे मला कळलं नाही. मी स्वतःला समजावलं की मान वळवायला मलाच वेळ लागला असेल. ऐकून ऐकून माझे कान तयार आहेत, डोळ्यांचं मी काही सांगू शकत नाही.

३

दुसऱ्या दिवशीपासून बाबांना माझ्या खोलीत आणून आरामखुर्चीत बसवायचं ठरलं, पाय समोर स्टुलावर. टेबलाखाली स्पंज घातले. एकदा टेबल दादाच्या खोलीतही नेऊन पाहिलं, तिथेही तेच, म्हणून परत आणलं. बस चालवणाऱ्या माणसाला लोकांचं हे करा, ते करा ऐकायची सवय असते. बाबा आले, बसले, पाय वर ठेवले.

कॉम्प्युटर कधी सुरू व्हायचा, कधी नाही. नाही व्हायचा तेव्हा कारण समोरच दिसायचं. बाबा डावी टाच स्टुलावरून खाली घ्यायचे आणि जमिनीवर आपटायला लागायचे. टक टक टक. जोडीला खोकायचे, खुर्ची करकरवायचे. मी "बाबा, अहो" म्हणेपर्यंत ठिपके थांबलेले असायचे. मग टाचही थांबायची.

दादाने नीट लक्ष ठेवलं. पेपर वाचताना बाबांची टाच हलत नव्हती. झोपेत हलत नव्हती. जेवताना नाही, बातम्या बघताना नाही. फक्त मी "थांबा" म्हटल्यावर, आणि तेही रोज नाही. दादाच्या मते निकाल लागलेला होता. म्हाताऱ्याला आपल्याकडे कोणी बघत नाही याचा राग आहे आणि तो राग टाचेतून निघतोय. वहिनीने लगेच तिच्या ओळखीतल्या एका सासऱ्याचं उदाहरण दिलं, जे मुद्दाम नळ उघडे ठेवायचे.

मला मात्र एक गोष्ट बोचत होती. टाच आपटायच्या आधी बाबा मान जरा कलती करायचे आणि माझ्या खांद्यावरून मागे, त्यांच्या स्वतःच्या रिकाम्या खोलीच्या दाराकडे बघायचे. आधी बघायचे, मग टाच सुरू व्हायची. गाडीला मागून कोणी हॉर्न दिला की चालक आरशात बघतो, तसं.

एजन्सीचा फोन आला तेव्हा तिथल्या बाई गोड बोलल्या. दोनतीन सकाळी काम उशिरा पोचलं होतं. आणखी एकदा झालं तर त्या मशीन परत मागवणार होत्या. त्याच संध्याकाळी दादाने जेवताना सांगितलं की त्याने एक वृद्धाश्रम पाहून ठेवला आहे, स्वच्छ आहे, झाडं आहेत. तो हे बाबांच्या समोर बोलला, जणू बाबा भिंतीवरचं घड्याळ. "हे असंच चालू राहिलं तर माझा नाइलाज आहे," तो म्हणाला. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, पण पखाल बिचारी काय बोलणार. बाबांनी पाणी प्यायलं आणि ताट उचलून ठेवलं.

४

मी बाबांच्या कॉटवर बसून विचारलं. त्यांच्या खोलीला खिडकी नाही, भर दुपारी दिवा लावावा लागतो. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा दादा त्यांना पुढची खोली देत होता. त्यांनीच हट्टाने ही घेतली.

"बाबा, तुम्ही मुद्दाम करता का?"

"हो," ते म्हणाले.

मला अपेक्षा होती की ते नाही म्हणतील आणि मग मी त्यांची बाजू घेईन. माझा सगळा डाव त्या नाहीवर होता. मी विचारलं, का. ते म्हणाले, माझा पाय आहे, माझी मर्जी. मी चिडले. मी त्यांना सांगितलं की माझं काम गेलं तर या घरात त्यांच्या बाजूने बोलायला कोणी उरणार नाही, दादा त्यांना त्या झाडांच्या सावलीत नेऊन टाकेल आणि मी नुसती बघत बसेन. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"पोरी, काम दुसरं मिळेल. तू ते सगळ्यांना थांबवायचं तेवढं बंद कर."

हे म्हणताना ते माझ्याकडे बघतच नव्हते. कॉटच्या पलीकडच्या कोपऱ्यात, जिथे काहीच नव्हतं, तिथे त्यांची नजर होती. मला वाटलं, वय झालं. वय हे फार सोयीचं उत्तर आहे, कशालाही लागू पडतं.

दुसऱ्या सकाळी मी दादाला बटण दाबायला सांगितलं आणि स्वतः बाबांच्या खुर्चीपुढे जमिनीवर बसले. त्यांचे दोन्ही पाय मी छातीशी घट्ट धरले. एकदा, फक्त एकदा, बाबा हलले नाहीत आणि मशीन सुरू झालं, तर वृद्धाश्रमाची गरज नाही असं मी दादाला सांगू शकणार होते. मी "थांबा" म्हटलं. वहिनी दारात थांबली, हातात डाव. दादाने बटण दाबलं.

थोडा वेळ नुसती घरघर. मग बाबांची मान कलती झाली आणि माझ्या हातांत त्यांचा डावा पाय जोर करायला लागला. मी सोडला नाही. ते म्हणाले, "सोड गं. सोड." मी मान हलवली आणि आणखी आवळलं. त्यांनी खोकायला तोंड उघडलं तर मी एक हात वर नेऊन त्यांच्या तोंडावर ठेवला. माझ्या वडिलांच्या तोंडावर. दुसऱ्या हाताने आणि खांद्याने पाय धरून ठेवले. बाबा एकदम ढिले पडले.

तेव्हा घर खरोखर शांत झालं. आणि मागच्या खोलीत, जिथे कोणी नव्हतं, एक पाऊल टेकलं. मग दुसरं ओढत आलं. पुन्हा एक टेकलं. मी जमिनीवर बसलेली होते, ते माझ्या कानांआधी पोटऱ्यांना कळलं, फळीफळीतून. ते घाईत नव्हतं. दाराजवळ आलं आणि दाराच्या आत राहिलं.

ठिपके थांबले होते. मग दादाने घसा साफ केला.

"हलले," तो म्हणाला. "बघितलं मी. पाय हलला त्यांचा."

मी वहिनीकडे पाहिलं. तिच्या तोंडावरचा रंग उडालेला होता आणि ती डावाकडे टक लावून बघत होती. "हो," ती म्हणाली, "मलाही दिसलं."

दोन्ही पाय माझ्या मिठीत होते, आणि त्या दोघांना ते माहीत होतं.

५

भांडण व्हायचं ते झालं. मी म्हटलं, बाबा हलले नाहीत, मी धरून बसले होते. दादा म्हणाला, मग कोण हललं? मी म्हटलं, आवाज मागच्या खोलीतून आला. तो म्हणाला, "मागच्या खोलीत कोण राहतं? बाबाच ना? मग झालं तर." त्याच्या बोलण्यात कुठेही फट नव्हती. मी म्हटलं, पण तेव्हा बाबा तिथे नव्हते. तो माझ्याकडे असा बघत राहिला की मी पुढचं वाक्य बोलले असते तर त्याने मला कधी माफ केलं नसतं. वहिनी म्हणाली, "कशाला उगाच विषय वाढवता."

मग मला समजलं की हे दोघंही बरेच दिवस ऐकत होते. मी ऐकत होते त्याच्याही आधीपासून, कदाचित. सकाळी सगळं घर थांबवायची सोय मी करून दिली होती आणि त्या शांततेत त्यांना जे ऐकू आलं त्याला त्यांनी बाबांचं नाव दिलं होतं. नाव दिलं की माणूस निर्धास्त होतो. आणि बाबांना कुठेतरी नेऊन ठेवता येत होतं, हा आणखी एक फायदा.

बाबांनी बाजू मांडली नाही. मी त्यांना म्हटलं, निदान तुम्ही तरी बोला. त्यांनी दादाला सांगितलं, "मीच हललो. पायाला आता राहवत नाही." दादाच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते पाहून मला त्याची किळस आली. तो सुटला होता.

गाडी आली तेव्हा बाबा जिना उतरताना डावा पाय ओढत होते, प्रत्येक पायरीवर. दादा त्यांची पिशवी घेऊन पुढे. दारापाशी त्यांनी माझा हात धरला आणि हळूच म्हणाले, "घरात आवाज राहू द्या. काहीही. रेडिओ लावा." मी रडत होते, मी मान हलवली. इतक्या वर्षांचा बाप घराबाहेर काढल्यावर तो रेडिओची गोष्ट करतो, याचाच मला राग आला.

६

दुसऱ्या सकाळी मी बटणावर बोट ठेवलं आणि "थांबा" म्हटलं. खरं तर मला दादाला शिक्षा करायची होती. आता कोणाचं नाव घेशील, ते मला ऐकायचं होतं.

दादा आरशासमोर थांबला. वहिनी ओट्यापाशी थांबली. ठिपके फिरायला लागले. मागची खोली रिकामी, कॉटवरची गादीसुद्धा गुंडाळून ठेवलेली. मी पाठ ताठ करून बसले.

आलं. एक टेकलं, दुसरं ओढलं. इतके दिवस त्याच्या वाटेत बाबांची टाच यायची, खोकला यायचा. आता काहीच आलं नाही. ते खोली ओलांडून दारापर्यंत आलं, आणि या वेळी दाराच्या आत राहिलं नाही.

ठिपके थांबले आणि मग पडदा काळा पडला. काळ्या काचेत मला माझा चेहरा दिसला, माझ्या मागे उंबरा दिसला, आणि उंबऱ्यावर पाऊल. अनवाणी. आपण अंधारात पायाने चप्पल चाचपतो तसं ते पुढची फळी चाचपत होतं, बोटं मागे दुमडलेली. त्याच्या वर काय होतं ते काचेत मावत नव्हतं. मान वळवायची हिंमत मला झाली नाही, आणि ती झाली नाही याचा मला आजही पश्चात्ताप होत नाही.

तेवढ्यात स्वयंपाकघरात वहिनीचा डाव पातेल्याच्या काठावर वाजायला लागला. टण टण टण. तिकडे दादाने नळ सोडला आणि जोरजोरात गुळण्या करायला लागला. तो गुळण्या करत राहिला, श्वास संपला तरी. मी खुर्ची मागे ढकलली, पाय आपटले. काचेत उंबरा रिकामा झाला.

त्या सकाळी कोण हललं असं कोणी कोणाला विचारलं नाही. वहिनीने मला चहा आणून दिला. बशीत चहा सांडलेला होता. आम्ही तिघंही रेडिओवर लागलेल्या बातम्या लक्ष देऊन ऐकत होतो, जणू आमच्यापैकी कोणी मंत्री होणार होतं.

काम त्या दिवशीही पोचलं नाही. एजन्सीचा माणूस येऊन मशीन घेऊन गेला. त्यांच्या ऑफिसात ते पहिल्या फटक्यात सुरू झालं, असं बाईंनी फोनवर मुद्दाम कळवलं.

७

मशीन गेलं म्हणजे भांडणाचं मूळ गेलं, आता बाबांना परत आणायला कोणाची हरकत असायचं कारण नव्हतं. मी दादाला सांगितलं. तो म्हणाला, आण, मी कुठे नाही म्हणतोय. बहुधा त्यालाही मागच्या खोलीत कोणीतरी हवं होतं, ज्याचं नाव घेता येईल. मी हसले तर त्याने विचारलं नाही का हसतेस.

आश्रमात खरोखर झाडं होती. मी फाटकातून आत गेले तेव्हा बाबा अंगणाच्या पलीकडच्या टोकाला होते. त्यांनी मला पाहिलं आणि ते चालत आले. लांब अंगण होतं, मी सगळं चालणं पाहिलं. डावा पाय उजव्याच्या बरोबरीने उचलला जात होता. टाच, बोटं, टाच, बोटं. तरुणपणी डेपोतून घरी येताना चालायचे तसे, हात हलवत.

मला वाटलं डॉक्टर बदलले, हवा बदलली, गुण आला. डोकं असंच असतं, बुडत्याला काडीचा आधार लागतो तसा त्याला कारणाचा लागतो. आम्ही बाकावर बसलो. त्यांचे दोन्ही पाय जमिनीवर स्वस्थ होते. त्यांचे गाल भरले होते. ते म्हणाले, इथे झोप फार छान लागते.

मी म्हटलं, "बाबा, मी न्यायला आलेय. मशीन गेलं. चला घरी."

त्यांचा चेहरा उतरला. लगेच त्यांनी तो सावरला, मला दिसू नये म्हणून, पण मला दिसलं. "हो," ते म्हणाले, "चल. पिशवी घेऊन येतो." ते उठले आणि खोलीकडे निघाले. पहिली काही पावलं सरळ पडली. मग जणू काही आठवलं, तसा डावा पाय मागे राहिला. त्यांनी तो ओढून आणला. पुन्हा उजवा टेकला, डावा ओढला. अंगणाच्या मातीत रेघ उठत गेली.

तेव्हा मला कळलं. इतकी वर्षं ते आमच्यासाठी लंगडत होते. दिवसा, संध्याकाळी, नळावर जाताना, जिन्यावर, पाहुण्यांसमोर. त्या घरात ओढत चालल्याचा आवाज कधीही आला तरी आम्ही "बाबा असतील" म्हणून कूस बदलावी, यासाठी. त्यांनी स्वतःचा चांगला पाय मोडीत काढला होता आणि आम्ही त्यांना त्याच पायाबद्दल बाहेर काढलं होतं.

मी धावत जाऊन त्यांना धरलं. "राहू द्या बाबा," मी म्हटलं. "घरी जरा रंगकाम काढलंय. पुढच्या महिन्यात बघू."

त्यांना पटलं नाही, पण त्यांनी वादही घातला नाही. इतकं दमलेलं माणूस वाद घालत नाही. आम्ही परत बाकावर बसलो. थोड्या वेळाने मी विचारलं की ते काय आहे.

"मला काय ठाऊक," बाबा म्हणाले. "मी कधी थांबून ऐकलंच नाही. तूही ऐकू नकोस."

निघताना ते मला फाटकापर्यंत सोडायला आले. सरळ चालत. मी मागे वळून वळून त्यांच्या पायांकडेच बघत होते.

८

रंगकाम वगैरे काही नव्हतं. मी माझं सामान मागच्या खोलीत हलवलं. दादाने कारण विचारलं, मी म्हटलं, तिथे गार वाटतं. खिडकी नसलेल्या खोलीत गार कसं वाटतं हे त्याने विचारलं नाही.

पाय ओढायला शिकणं वाटतं तितकं सोपं नाही. कंबर दुखते. पहिल्यापहिल्यांदा मी विसरायचे, स्वयंपाकघरात सरळ जायचे आणि मागून तो आवाज माझ्याशिवायच यायचा. तेव्हा वहिनी हातातलं भांडं खाली ठेवायची आणि आमची नजरानजर व्हायची नाही. मग हळूहळू जमलं. आता ते चालतं तेव्हा मीही चालते. आमची पावलं एकमेकांत मिसळतात आणि कोणतं कोणाचं हे मलाच नेहमी सांगता येत नाही. रेडिओ संपल्यावर, वीज गेल्यावर, दुपारी सगळी पडलेली असताना, मी उठते आणि खोलीत फेऱ्या घालते. कोपऱ्याकडे बघत नाही.

परवा जेवताना दादाने ताटावरून मान वर केली. बरेच दिवस त्याच्या तोंडाला चव नव्हती, अर्ध्यावर उठायचा. त्याने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पायाकडे. वहिनीचा घास हातातच राहिला.

"काल दुपारी मागे कोण फिरत होतं?" त्याने विचारलं.

त्या दुपारी मी बाजारात गेले होते. परत आले तेव्हा पिशवी त्यानेच माझ्या हातातून घेऊन आत ठेवली होती.

"मीच," मी म्हटलं. "पाय अवघडला होता."

दादाने मान डोलावली. वहिनीला म्हणाला, बघ, बाबांचंच दुखणं हिच्यात उतरलंय, एकदा डॉक्टरला दाखवायला हवं. वहिनी म्हणाली, हो, आधीच दाखवायला हवं होतं. मग त्याने आणखी भात मागून घेतला, आणि त्या दिवशी तो पोट भरून जेवला.